हुरड्याहून आल्यापासून काळूचा डावा डोळा उघडंना, बुबुळावर डाग दिसतोय

विजापूररोडकर (रविवार, रात्री १०.५०)

घाईत लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या.

आमचा काळू चार वर्षांचा आहे. आई गावठी, बाप पश्मी (शिकारी जातीचा), त्यामुळं उंच, सडपातळ आणि लांब तोंडाचा. गड्ड्याची जत्रा संपल्यावर परवा शुक्रवारी मंगळवेढ्याकडं मेहुण्यांच्या रानात हुरड्याला गेलो होतो. त्यालाही नेलं. दिवसभर ज्वारीत आणि बांधावरच्या वाळक्या गवतात पळत होता. रात्री घरी आलो तर डावा डोळा अर्धा मिटलेला, पाणी गळतंय, सारखा चटईवर तोंड घासतोय.

आईचं दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यातले थेंब फ्रीजच्या दारात होते. औषधाच्या दुकानात विचारलं, "कुत्र्याला चालतील का?" तर म्हणाले, "चालतंय की, डोळ्याचंच आहे." शनिवारी तीनदा दोन-दोन थेंब घातले. संध्याकाळी लाली कमी झाली, बरं वाटलं. आज दुपारपासून मात्र डोळा घट्ट मिटून घेतलाय. टॉर्च लावून बघितलं तर काळ्या भागावर ज्वारीच्या दाण्याएवढा निळसर पांढरा डाग. दुसरा डोळा एकदम स्वच्छ आहे. जेवला नाही. मी जवळ गेलो की मान फिरवतो.

रविवार असल्यामुळं आमचे नेहमीचे डॉक्टर नाहीत. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? तोवर काय करू?

बाळीवेस (रविवार, रात्री ११.०५)

फूल पडलंय असं वाटतंय. आमच्या गावाकडं बैलाच्या डोळ्यात फूल पडलं की मीठ चावून फुंकायचे. कुत्र्याला तेवढं जहाल नको. शुद्ध मध असेल तर एक थेंब घालून बघा. आमच्या आजोबांनी लई जनावरांना केलंय.

निवृत्त पशुवैद्य (रविवार, रात्री ११.१२)

मध नको, मीठ नको, आणि ते थेंबही आत्ता या क्षणापासून बंद.

विजापूररोडकर, बाटली हातात घ्या आणि घटकांची ओळ वाचा. त्यात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल यातलं काही आहे का सांगा. आणि तो डाग डोळ्याच्या नेमक्या कुठल्या बाजूला आहे? मधोमध, कानाकडं की नाकाकडं?

विजापूररोडकर (रविवार, रात्री ११.१८)

मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन लिहिलंय. डाग नाकाकडच्या कोपऱ्याजवळ आहे, जरा खालच्या अंगाला.

निवृत्त पशुवैद्य (रविवार, रात्री ११.४०)

म्हणजे अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माणसाला ते बरोबर देतात. तुमच्या आईसाठी ते योग्यच होतं. पण काळूच्या बुबुळाला जखम असेल, आणि लक्षणं तशीच आहेत, तर स्टिरॉइडनं दोन गोष्टी होतात. वरचा पातळ थर जखमेवर सरकून ती बुजवत असतो, तो थबकतो. आणि बुबुळाचा गर विरघळवणारी विकरं (एन्झाइम) जोर धरतात. कुत्र्याच्या बुबुळाची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. जखम खोल जायला दिवस लागत नाहीत, काही वेळा तास पुरतात. लाली कमी झाली म्हणून तुम्हाला बरं वाटलं. स्टिरॉइड लाली घालवतंच, जखम मात्र खाली तशीच राहते. आम्हा लोकांना या थेंबांची भीती वाटते ती याचसाठी.

डाग नाकाकडं, एकाच डोळ्याला, हुरड्याहून आल्यावर. मला तिसऱ्या पापणीमागं कुसळ असल्याचा संशय आहे. कुत्र्याला आतल्या कोपऱ्यात एक तिसरी पापणी असते, गुलाबी पडद्यासारखी. तिच्या मागं खिसा असतो. तिथं कुसळ अडकलं की बाहेरून काही दिसत नाही आणि पापणी हलेल तसं ते बुबुळ खरवडत राहतं.

आत्ता फक्त एवढं करा. सलाइनची नवी, सीलबंद बाटली मिळाली तर डोळा एकदा हलक्या धारेनं धुवा. बोटानं किंवा कापसानं आत चाचपू नका. पंजा डोळ्याला लागू देऊ नका, ते सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी दवाखाना उघडताना दारात उभे असा. रात्रीतच डाग पसरला, पिवळट झाला, बुळबुळीत दिसायला लागला किंवा मधे खड्डा दिसला तर सकाळची वाट बघू नका, कुणालातरी उठवा.

डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: स्टिरॉइडचे थेंब किती वेळा घातले, आणि कुत्रा ज्वारीच्या रानात होता. पहिली गोष्ट सांगायला लोक संकोचतात. संकोचू नका.

चाटी गल्ली (रविवार, रात्री ११.५५)

पंजा डोळ्याला लागू नये म्हणून गळ्यात घालतात तो कोन नसेल तर घरातली जुनी एक्स-रे फिल्म काढा. आम्ही तशीच केली होती. पंख्यासारखी गोल वळवायची, गळ्याकडं दोन बोटं आत जातील एवढी ढिली ठेवायची, बाहेरून चिकटपट्टी लावायची. आतल्या कडेला जुन्या टॉवेलची पट्टी शिवली तर गळा सोलत नाही. कोनाची कड नाकाच्या टोकाच्या पुढं यायला पाहिजे, नाहीतर तो डोळा कोनाच्या कडेवरच घासतो.

विजापूररोडकर (सोमवार, रात्री ९.३०)

कुसळच होतं.

सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सकाळी साडेनऊला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी आधी डोळ्याला हात लावला नाही. खोलीतला दिवा घालवून दोन्ही डोळ्यांकडं लांबूनच बघितलं. मग नारिंगी टोकाची एक कागदी पट्टी घेतली, तिच्यावर सलाइनचा थेंब टाकला आणि पापणीच्या आत टेकवली. डोळा सगळा पिवळा झाला. तो धुऊन काढला आणि निळा दिवा लावला. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बाकी बुबुळ काळंभोर, आणि नाकाकडच्या बाजूला हिरवागार चमकणारा ओरखडा. एक नव्हे, शेजारीशेजारी तीन, कंगव्यानं ओढल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, "वरचा थर जिथं गेलाय तिथंच हा रंग चिकटतो. हे बघितल्याशिवाय लाल डोळ्यात काही घालायचं नसतं."

मग भुलीचा थेंब घातला. दोन मिनिटांत काळूनं स्वतःहून डोळा उघडला. शुक्रवारपासून पहिल्यांदा माझ्याकडं दोन्ही डोळ्यांनी बघितलं. मला तिथंच भरून आलं. बारीक चिमट्यानं तिसरी पापणी उचलून उलटी केली, आणि मागून कुसळ निघालं. ज्वारीचं नव्हतं, बांधावरच्या कुसळी गवताचं होतं. तपकिरी, टोकाला अणकुचीदार, नखाच्या रुंदीएवढं. पांढऱ्या कापसावर ठेवून दाखवलं. तीन दिवस हे त्याच्या डोळ्यात होतं आणि वरून मी ते थेंब घालत होतो.

जखम वरवरची आहे, पण कडा मऊ पडायला लागल्यात म्हणाले. साधे अँटिबायोटिक थेंब दर चार तासांनी, शिवाय अॅट्रोपीन. काळूचंच रक्त काढून, त्यातलं वरचं पाणी वेगळं करून एका निर्जंतुक बाटलीत दिलंय, तेही थेंब म्हणून घालायचं. फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दोन दिवसांनी टाकून द्यायचं. बुधवारी परत बोलावलंय.

एक शंका. अॅट्रोपीन घातल्यावर पाच मिनिटांनी तोंडाला फेस आला, घाबरलो. हे काय?

निवृत्त पशुवैद्य (सोमवार, रात्री ९.५०)

निघालं ते फार बरं झालं. फेस येतो तो कडूपणामुळं. डोळ्यातून अश्रूनलिकेवाटे औषध नाकात, तिथून घशात उतरतं. थोडं पाणी पाजा, बास. अॅट्रोपीननं बाहुली मोठी होते आणि आतल्या स्नायूंच्या कळा थांबतात. बाहुली काही दिवस तशीच राहील, म्हणून उन्हात नेऊ नका. रक्तातलं पाणी म्हणजे सीरम, त्यात ती विरघळवणारी विकरं थोपवणारे घटक असतात. तुमच्या डॉक्टरांनी नीट विचार करून दिलंय.

थेंब घालताना समोरून जाऊ नका. त्याच्या मागं बसा, हनुवटी वर उचला, बाटली डोक्यावरून आणा, टोक कुठं टेकवू नका. दोन औषधांत पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. वरवरची जखम साधारण आठवड्याच्या आत भरते. आठवडा उलटूनही भरली नाही तर औषध बदलत बसण्यापेक्षा कारण परत शोधायचं: उलटा केस, कमी अश्रू, राहिलेला कण.

जुळे सोलापूर (मंगळवार, सकाळी ८.१५)

हा धागा वाचून धीर आला म्हणून लिहितेय. आमच्याकडं सात महिन्यांची बीगल आहे, पिंकी. परवापासून तिच्या उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल, मऊ, करवंदासारखी गाठ आलीय. शेजारच्या मावशी म्हणतात वडस वाढलंय, कापून टाका. मला कापण्याची भीती वाटते, कारण आहे.

दहा वर्षांपूर्वी आमच्या कॉकर स्पॅनिअलला हेच झालं होतं. तेव्हा एका दवाखान्यात ती गाठ पाच मिनिटांत कापून दिली. आम्ही खूश. दोन-अडीच वर्षांनी त्याच डोळ्यात सकाळ-संध्याकाळ घट्ट, हिरवट चिपडं यायला लागली. ओल्या कापडानं पुसली की तारेसारखी ओढत यायची. बुबुळाची चकाकी गेली, मग त्यावर तपकिरी पापुद्रा चढला. शेवटची तीन वर्षं त्याला त्या डोळ्यानं दिसत नव्हतं. उन्हाळ्यात तो पंख्यापासून लांब जाऊन मोरीत बसायचा. का, ते आम्हाला फार उशिरा कळलं. पंख्याचा वारा त्या कोरड्या डोळ्याला झोंबत होता. मला त्याची आठवण आली की अजून त्रास होतो. पिंकीच्या बाबतीत तेच नको.

निवृत्त पशुवैद्य (मंगळवार, दुपारी १.३०)

ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे. ते वडस नाही, गाठही नाही. तिसऱ्या पापणीच्या बुडाशी अश्रू तयार करणारी एक ग्रंथी असते. तिला धरून ठेवणारा तंतू कमकुवत असला की ती उलटून बाहेर येते. बीगल, कॉकर, बुलडॉग, ल्हासा, शिह त्झू यांच्यात जास्त, आणि बहुतेक वेळा दोन वर्षांच्या आत. चेरी आय म्हणतात ते हेच. डोळ्याच्या एकूण अश्रूंपैकी अंदाजे एक तृतीयांश त्या ग्रंथीतून येतात. ती कापली की काही कुत्र्यांचं डोळ्याच्या वरच्या बाजूच्या मुख्य अश्रुग्रंथीवर भागतं, काहींचं भागत नाही, आणि कॉकरसारख्या जातींना कोरडा डोळा मुळातच लवकर होतो. परिणाम वर्षा-दोन वर्षांनी दिसतो, म्हणून कापणाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही.

पूर्वी कापणं सर्रास चालायचं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही कापल्यात. आता ग्रंथीसाठी पापणीतच खिसा करून, आत बसवून शिवतात. तेच करून घ्या. कधीकधी ग्रंथी पुन्हा बाहेर येते, तेव्हा पुन्हा शिवायची, कापायची नाही. आणि काही महिन्यांत दुसऱ्या डोळ्यालाही होऊ शकतं, तयारी ठेवा. ऑपरेशन उद्याच पाहिजे असं नाही, पण महिनोन्महिने ठेवू नका, बाहेर राहून ग्रंथी सुजते आणि सुकते. तोवर डॉक्टर सांगतील ते वंगणाचे थेंब आणि गळ्यात कोन.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दरवर्षी अश्रूंची पट्टी लावून घ्या. साधी कागदी पट्टी असते, मिनिटभर पापणीत अडकवायची. १५ मिलिमीटर किंवा जास्त ओली झाली तर उत्तम, १० च्या खाली गेली तर डोळा कोरडा पडायला लागलाय. तेव्हाच सायक्लोस्पोरिनचं मलम सुरू केलं तर अश्रू परत यायची चांगली शक्यता असते. गुण दिसायला महिना-दीड महिना लागतो आणि बहुधा जन्मभर लावावं लागतं. लोक पंधरा दिवसांत सोडून देतात, तिथं डोळा हातचा जातो.

इथं सोय झाली नाही तर शिरवळ, उदगीर, परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा.

होटगी रोड (मंगळवार, रात्री ८.४०)

डॉक्टरसाहेब, आता मी गोंधळलोय. आमच्या जर्मन शेफर्डला, वय पाच, दोन्ही डोळ्यांत कानाकडच्या बाजूनं गुलाबी मांसासारखा पापुद्रा बुबुळावर सरकायलाय. पुण्याला दाखवलं तर त्यांनी स्टिरॉइडचेच थेंब दिलेत, दिवसातून चार वेळा. हा धागा वाचून काल रात्रीपासून बंद केले. बरोबर केलं का?

निवृत्त पशुवैद्य (मंगळवार, रात्री ९.००)

नाही. आजच त्यांना फोन करून विचारा, आणि ते म्हणाले तर लगेच सुरू करा. जर्मन शेफर्ड, दोन्ही डोळे, कानाकडच्या बाजूनं सुरुवात, हे पॅनसचं चित्र आहे. तिथं जखम नसते. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच बुबुळावर चाल करून येते, आणि तिला आवरायला स्टिरॉइड हेच औषध आहे, जोडीला सायक्लोस्पोरिन. बंद केलं की पापुद्रा पुढं सरकतो आणि मागं काळा रंग सोडत जातो. त्यांनी हिरवा रंग घालून बघितलाच असेल. मधेच कधी डोळा मिटायला लागला, पाणी यायला लागलं, तर मात्र थेंब थांबवून पुन्हा रंगाची तपासणी.

माझ्या लिहिण्यानं तुमचा गैरसमज झाला याचं वाईट वाटतं. थेंब तेच असतात. एका डोळ्याला ते औषध, दुसऱ्याला विष. म्हणून आधी बघायचं, मग घालायचं.

पॅनस उन्हातल्या अतिनील किरणांनी भडकतो. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ४३-४४ अंशांचं ऊन असतं, तेव्हा फिरवणं सूर्य वर यायच्या आधी आणि मावळल्यावरच. गच्चीवर बांधू नका. कुत्र्यांचे गॉगल मिळतात, ते घालायची सवय लावता आली तर उत्तम.

अक्कलकोट रोड (बुधवार, सकाळी ७.२०)

आमच्या पॉमेरिअनचं वय अकरा. दोन्ही डोळे निळसर धुरकट दिसतात, पण घरात कुठं धडकत नाही, टाकलेली शेंग बरोबर उचलतो. मोतीबिंदू का?

निवृत्त पशुवैद्य (बुधवार, सकाळी १०.१०)

सात वर्षांनंतर भिंग घट्ट होत जातं, त्याची ती निळसर झाक असते. नजर जवळपास शाबूत राहते, औषध लागत नाही. डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्या. मात्र तो अचानक भांडंभर पाणी प्यायला लागला, खाऊनही वाळायला लागला आणि डोळे काही आठवड्यांत दुधासारखे पांढरे झाले, तर साखर तपासा. मधुमेहाचा मोतीबिंदू कुत्र्यात फार झपाट्यानं येतो.

आणि एक वेगळी गोष्ट: डोळा लाल, टणक, मोठा दिसायला लागला, बाहुली उजेडातही पसरलेली राहिली, तर तो काचबिंदू असू शकतो. त्यात नजर जायला एखाद-दुसरा दिवस पुरतो. रात्र असली तरी निघायचं.

नान्नजकडचा (बुधवार, रात्री ८.००)

आमचं शेत माळाला लागून आहे. मागच्या वर्षी राखणीच्या कुत्रीच्या डोळ्यात आतून रक्त उतरलं होतं. बुबुळाच्या मागं खाली लाल रेघ साचलेली, काचेच्या पेल्यात रंग बसावा तशी. कुणी मारलं असेल म्हणून आम्ही आठ दिवस गप्प राहिलो. मग नाकातून रक्त आलं तेव्हा नेली. गोचीडताप निघाला. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) पार खाली गेल्या होत्या. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन चाललं. जगली, एका डोळ्यानं अंधुक बघते. हिरड्यांवर बारीक लाल ठिपके होते, ते आम्ही आधी बघितलेच नाहीत. तुमच्याकडं गोचीड असतील तर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत बघत जा.

बाळीवेस (बुधवार, रात्री ९.१५)

मधाचं मी लिहिलं ते मागं घेतो. जुन्या माणसांनी केलं म्हणून मीही सांगत आलो. आता एक माझीच अडचण. आमच्या मागल्या बाजूला यंत्रमागाच्या शेडमध्ये कुत्रीनं पिल्लं घातलीत, चार. बारा दिवसांची झालीत. तिघांचे डोळे उघडायलेत. चौथ्याची एक पापणी मिटलेलीच आहे आणि आतून फुगल्यासारखी दिसते. थांबू का?

निवृत्त पशुवैद्य (बुधवार, रात्री ९.२५)

थांबू नका, पिल्लाला उद्या सकाळीच न्या. मिटलेल्या पापणीखाली पू साचलाय. तो तसाच राहिला तर आत बुबुळ कुजतं. डॉक्टर कोमट ओल्या कापसानं पापणी हलकेच मोकळी करतील, धुतील आणि मलम देतील. तुम्ही ओढून उघडू नका. आईला बरोबर नेऊ नका, नाहीतर बाकीची तीन उपाशी राहतील. आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की चौघांनाही लस द्या. डिस्टेंपर या विषाणूच्या रोगामध्येही आधी डोळ्यांतून पिवळी घाणच येते.

बाळीवेस (गुरुवार, दुपारी १२.४०)

नेलं. चमचाभर पू निघाला. बुबुळ शाबूत आहे म्हणाले. पिल्लू आत्ता आईला लुचतंय.

विजापूररोडकर (सोमवार, रात्री १०.००)

आज आठवा दिवस. बुधवारी हिरवा रंग निम्म्यावर आला होता, शुक्रवारी एक बारीक रेघ राहिली होती. आज निळ्या दिव्याखाली काहीच चमकलं नाही. दोनदा घालून बघितलं. नाकाकडच्या बाजूला फिकट धुक्यासारखा एक ठिपका राहिलाय, तो कदाचित कायम राहील, पण नजरेच्या वाटेत नाही.

आईला मी तिच्या थेंबांचं सगळं सांगितलं. तिला फार लागलं, जणू तिनंच ते घातले. मंगळवारपासून रात्री दोनचा आणि पहाटे सहाचा थेंब तीच घालतेय. तिला सवय आहे, दीड महिना स्वतःला घातलेत. मागं बसते, हनुवटी उचलते, "वर बघ बाळा" म्हणते, आणि तो वर बघतो. मला अजून तसं जमत नाही.

कोन आणखी चार दिवस. शुक्रवारी शेवटचं दाखवायचंय, आई म्हणाली मीही येते.